भाग ३७ : रोबोट, अर्भक आणि आमचा छोटू

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढलेत. उरलेले राहू दिलेत, नाहीतर तो मी वाटणार नाही.)

मागचा भाग टाकून पाच आठवडे झाले, हे मला माहीत आहे. तुमचे मेसेज वाचले, शिव्याही वाचल्या. रिलीज होता, मग गणपती होते, मग परत रिलीज होता. असो.

आज एकच शब्द घेऊन आलोय. रोबोट. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, रोबोट म्हणजे रोबोट. मीही हेच म्हणत होतो. कॉलेजच्या चार वर्षांत रोबोटिक्स क्लबचा टी-शर्ट घालून फिरलो, पण हा शब्द आला कुठून हे एकदाही डोक्यात आलं नाही. ते आलं माझ्या आजीमुळे. तिला रोबोट हा शब्दच माहीत नाही.

झालं असं. गणपतीत गावी होतो आणि नेमका ऑन-कॉल होतो. आमच्या टीमने एक बॉट लिहिलाय. ग्राहकांच्या तक्रारी येतात, त्या वाचायच्या, वर्गवारी करायची, सोप्या असतील तर उत्तर देऊन बंद करायच्या, अवघड असतील तर योग्य माणसाकडे पाठवायच्या. तर त्या बॉटचं नाव छोटू. कुणीतरी चहा पिता पिता सुचवलं, सगळे हसले, आणि रेपोचं नावच ते पडलं. आता रात्री साडेदहाला ओसरीच्या ज्या एका कोपऱ्यात रेंज येते तिथे उभा राहून मी सहकारी मुलीला सांगत होतो, "अगं, तू झोप. छोटूला लावून दे. रात्रभर करत बसेल तो. सकाळपर्यंत सगळं निस्तरलेलं असेल."

आजी शेजारी वाती वळत बसली होती. फोन ठेवला तशी म्हणाली, "कोण रे हा छोटू?"

"काही नाही गं, ऑफिसात आहे."

"कुणाचं पोर?"

मी हसलो. ती नाही हसली. "रात्रभर कामाला लावता? जेवलाय का तो?"

मग मी तिला समजावलं, की आजी, तो माणूस नाही, कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम आहे, त्याला झोप लागत नाही, भूक लागत नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. वात पूर्ण वळली. आणि म्हणाली, "मग त्याला पोराचं नाव कशाला दिलंत?"

मंडळी, मी स्टँड-अप मीटिंगमध्ये मॅनेजरच्या प्रश्नांना उत्तरं देतो. क्लायंटला देतो. याला नव्हतं माझ्याकडे. त्या रात्री छोटू काम करत होता आणि मी मोबाइलवर 'बॉट'चा मागोवा घेत बसलो. बॉट हा रोबोटचा तुकडा, हे तर माहीत होतं. रोबोटच्या मागे काय आहे, ते आज सांगतो.

चला, प्राग. साल १९२०. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश जेमतेम दोन वर्षांचा झालाय. कारेल चापेक नावाचा तिशीतला लेखक नाटक लिहितोय. नाटकात एक कारखाना आहे, तिथे कृत्रिम कामगार तयार होतात. आता या कामगारांना म्हणायचं काय? त्याने लॅटिन 'लाबोर', म्हणजे श्रम, त्यावरून 'लाबोरी' असा शब्द करून पाहिला. त्याला तो पुस्तकी वाटला. मग तो भावाकडे गेला. भाऊ योसेफ चापेक, चित्रकार आणि लेखक. तो कॅनव्हाससमोर उभा, तोंडात ब्रश. कारेलने अडचण सांगितली. योसेफने चित्रावरची नजरही न काढता ब्रशमधूनच पुटपुटला, की मग रोबोटी म्हण त्यांना. चेकमध्ये 'रोबोट'चं अनेकवचन रोबोटी. झालं. हा किस्सा कारेलने स्वतः पुढे १९३३ मध्ये 'लिदोवे नोव्हिनी' या वृत्तपत्रात लिहिला, कारण शब्दाचं श्रेय लोक त्याला देत होते आणि ते भावाचं होतं. आमच्या क्षेत्रात गिट ब्लेम बघायला सगळे धावतात, असं उलटं श्रेय द्यायला कुणी धावत नाही.

नाटकाचं नाव 'आर. यू. आर.', म्हणजे 'रॉसमचे सार्वत्रिक रोबोट'. रॉसम हे मालकाचं आडनाव, पण चेकमध्ये 'रोझुम' म्हणजे बुद्धी, तो श्लेष आहे. १९२० मध्ये पुस्तक आलं, २५ जानेवारी १९२१ ला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात प्रयोग झाला, १९२२ मध्ये न्यूयॉर्क, १९२३ मध्ये लंडन. आणि एक गोष्ट ऐकून मी चाट पडलो: त्या नाटकातले रोबोट लोखंडी नाहीतच! नट नाहीत, बोल्ट नाहीत, डोळ्यांत लाल दिवे नाहीत. ते रासायनिक पद्धतीने बनवलेल्या जिवंत मांसाचे आहेत. दिसायला हुबेहूब माणसं. म्हातारा रॉसम शास्त्रज्ञ, त्याला माणूस बनवून देवाची गरज नाही हे दाखवायचं होतं. धाकटा रॉसम इंजिनिअर. (हो, आपलाच माणूस.) त्याने हिशेब केला, की कामाला काय लागतं? हात, ताकद, थोडी समज. आनंद लागत नाही, गाणं लागत नाही, फिरायला जाणं लागत नाही. काढून टाका. कारखान्याचा व्यवस्थापक तर बालपणालाही तांत्रिकदृष्ट्या वाया गेलेला वेळ म्हणतो. ही बालपणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटी रोबोट बंड करतात आणि माणसांना मारून टाकतात. एकाला सोडतात. आल्क्विस्ट नावाच्या बांधकामवाल्याला, कारण तोही त्यांच्यासारखाच हाताने काम करतो.

आता मुख्य मुद्दा. योसेफने तोंडात ब्रश धरून जो शब्द दिला तो हवेतून काढलेला नव्हता. चेकमध्ये 'रोबोटा' हा शब्द आधीपासून होता आणि थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक होता. रोबोटा म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतात कुळाने फुकट करायचं सक्तीचं काम. नुसतं 'काम' म्हणायला चेकमध्ये 'प्रात्से' हा वेगळा शब्द आहे. म्हणजे रोबोट म्हणजे कामगार नव्हे. रोबोट म्हणजे वेठबिगार.

ही वेठ कागदोपत्री, सरकारी नियमांनी चालायची. हाब्सबुर्ग राजवटीत त्यावर वेळोवेळी फर्मानं निघाली. १७७५ मध्ये बोहेमियात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, त्यानंतर सम्राज्ञी मारिया तेरेझाने फर्मान काढलं, की वेठ आठवड्याला जास्तीत जास्त ३ दिवस. आणि ही सवलत बरं का! म्हणजे आठवड्यातले तीन दिवस बैल घेऊन मालकाच्या रानात, आणि पीक तर सगळ्यांचं एकदमच कापणीला येतं. पाऊस तोंडावर आला की आधी मालकाचं आत, मग तुमचं, उरलं तर. शेती बघितलेल्या कुणालाही यातली मेख सांगावी लागणार नाही.

वेठ संपली १८४८ मध्ये. युरोपभर क्रांत्या चालू होत्या, व्हिएन्नात संसद बसली, आणि तिथे हान्स कुडलिख नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. वय २४. तुमच्यापैकी काही जण या वयात नोटीस पीरियड वाटाघाटीने कमी करून घेतात आणि वर स्टेटस टाकतात. (मीही टाकलं होतं.) जुलैत ठराव आला, सप्टेंबरमध्ये कायदा. चापेक बंधूंचा जन्म त्यानंतर चाळीस वर्षांनी, म्हणजे त्यांच्या आजोबांच्या पिढीने रोबोटा डोळ्यांनी पाहिलेली. आणि गंमत, एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रिया-हंगेरीबद्दलच्या इंग्रजी पुस्तकांत 'रोबोट' हा शब्द सापडतो, पण अर्थ वेठ. यंत्रमानवाच्या कितीतरी आधी.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे वेठ आहेच. संस्कृत 'विष्टि'पासून वेठ, आणि 'बिगार' फारसीतून आलेला. दोन भाषांतले दोन शब्द एकाच जुलमासाठी, आणि आपण ते जोडून वेठबिगार केलं. महार वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या वेठीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली आणि वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा आला १९७६ मध्ये. आणि आज? आज 'संपामुळे प्रवासी वेठीस' अशी बातमी येते. बस चुकली की आपण वेठीस धरले जातो. शब्द असेच झिजतात, चेकमध्येही आणि इथेही.

इथे थांबलो असतो तर भाग बारा मिनिटांत संपला असता. पण मी पुढे खणलं.

रोबोटाच्या पोटात 'रोब' आहे. जुन्या स्लाव्ह भाषांत रोब किंवा राब म्हणजे गुलाम. बल्गेरियन आणि सर्बियनमध्ये 'रोब' आजही गुलामच. रशियनमध्ये 'राब' म्हणजे गुलाम आणि 'राबोता' म्हणजे साधं रोजचं काम. नोकरी. युक्रेनियन आणि स्लोव्हाकमध्ये 'रोबोटा' म्हणजे पुन्हा साधं काम. पोलिशमध्ये बोलीभाषेतलं काम, म्हणजे 'धंद्याला निघालो' म्हणतो ना आपण, तशा थाटाचं. शब्द एक, पण कुठे तो पगारी झालाय आणि कुठे अजून बेडीत आहे.

आता थोडा तांत्रिक भाग, पळवू नका, दोनच मिनिटं. स्लाव्ह भाषांच्या फार जुन्या अवस्थेत हा शब्द 'ऑर्ब' असा होता. मग र आणि स्वर यांनी जागा बदलली आणि रोब किंवा राब झालं. विचित्र वाटतंय? आपण 'चिकटवलं' म्हणतो आणि 'चिटकवलं'ही म्हणतो. माझ्या गावी नुकसानीला 'नुसकान' म्हणतात. अक्षरांनी खुर्च्या बदलल्या, बस. फरक इतकाच की स्लाव्ह भाषांत हा बदल एखाद्या शब्दापुरता राहिला नाही, तशा सगळ्या शब्दांत नियमाने झाला.

तर 'ऑर्ब' हातात आलं, की युरोपचे दरवाजे धडाधड उघडतात. ग्रीकमध्ये 'ऑर्फानोस', पोरका. त्यावरून इंग्रजीतला ऑर्फन. लॅटिनमध्ये 'ऑर्बुस', म्हणजे ज्याचं कुणीतरी हिरावलं गेलंय असा. आर्मेनियनमध्ये आजही 'ऑर्ब' म्हणजे अनाथ. जर्मनमध्ये 'एर्बं', वारसा, कारण वारसा कधी मिळतो? आई-बाप गेल्यावर. आणि जर्मनमध्येच 'आर्बाइट', म्हणजे काम. तुमच्यातले जे जर्मनचे क्लास लावून म्युनिकला जायची तयारी करताय, त्यांनी पहिल्या आठवड्यात शिकलेला शब्द. त्याचा जुना अर्थ कष्ट, हाल. भाषाशास्त्रज्ञ त्याच्या मुळाशी अशी कल्पना मांडतात, की आई-बाप गेलेलं पोर, दुसऱ्याच्या घरी पडलेलं, त्याला कष्टाला जुंपलं, ते आर्बाइट.

म्हणजे ओळ अशी लागते: ज्याचं कुणी नाही, तो दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या दारात, म्हणून राबणारा, राबणारा, म्हणून गुलाम, आणि सगळ्यात शेवटी, यंत्र.

या कुळात एक नाव आपल्या घरातलं आहे. अर्भक. संस्कृत 'अर्भ', ऋग्वेदातही 'अर्भक' आहे, अर्थ लहान, दुबळा. बहुतेक कोश त्याला याच मुळाशी बसवतात. ग्रीकमध्ये फ, लॅटिन-स्लाव्ह-जर्मनमध्ये ब, संस्कृतमध्ये भ, हे एकाच जुन्या ध्वनीचे ठरलेले वाटे आहेत. आणि स्लाव्ह भाषांतही हा लहान मुलाचा अर्थ जिवंत आहे. रशियनमध्ये मुलाला 'रेब्योनोक' म्हणतात, चेकमध्ये तान्ह्या बाळासाठी जुना शब्द आहे 'रोब्ये'. एकाच मुळाचे. म्हणजे चेकमध्ये रोबोट आणि तान्हं बाळ भाऊ-भाऊ लागतात. आणि नाटकातला तो व्यवस्थापक म्हणतो, बालपण म्हणजे वाया गेलेला वेळ.

इथे मी लॅपटॉप मिटला होता, खरंच सांगतो.

कारण माझी आजी. तिचे आई-वडील ती सात वर्षांची असताना एका पावसाळ्यात पाठोपाठ गेले. चुलत्याने घरी नेलं. चुलता वाईट नव्हता, ती नेहमी म्हणते, वाईट नव्हता. पण शाळा सुटली. शेण, पाणी, धुणं, चुलत्याची धाकटी मुलं सांभाळणं. लग्न होईपर्यंत. ती या वर्षांबद्दल बोलताना 'काम केलं' असं कधी म्हणत नाही. म्हणते, "दोन भाकरीवर राबले." आणि तिला मी सांगत होतो, छोटूला झोप लागत नाही, भूक लागत नाही. तिच्याबद्दलही कुणीतरी कधीतरी असंच म्हणालं असणार. पोरगी गुणाची आहे, दमत नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कुठल्या कोशात वाचलेली नाही. मराठीत बघा. पोर म्हणजे मूल. पोरका म्हणजे आई-बाप नसलेला. आणि पोऱ्या? पोऱ्या म्हणजे हॉटेलात फडकं मारणारा, टपरीवरून चहा आणणारा. "पोऱ्याला पाठव दोन कटिंग घेऊन." पोर, पोरका, पोऱ्या. युरोपला जो प्रवास करायला तीन-चार भाषा आणि काही हजार वर्षं लागली, तो आपण एका ओळीत उभा केलाय. छोटू हा त्याच रांगेतला. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवरही एक छोटू आहे. त्याचं खरं नाव मी अडीच वर्षांत विचारलेलं नाही.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. जुन्या ग्रीकमध्ये 'पाइस' म्हणजे मूल आणि गुलामही, वय कितीही असो. लॅटिनमध्ये 'पुएर' तसंच. फ्रेंचमध्ये 'गार्सों' म्हणजे मुलगा, आणि हॉटेलातला वेटरही. साहेबाच्या काळात इकडे पन्नाशीच्या माणसाला 'बॉय' म्हणून हाक मारायचे. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला मोठा होऊ द्यायचा नाही, निदान शब्दात तरी.

आता थोडी ब्रेक लावतो, कारण व्युत्पत्ती हा प्रकार नशेचा आहे. 'राबणे' आणि रशियन 'राब' ऐकायला सारखे आहेत, म्हणून मी उड्या मारणार होतो. पण नुसतं सारखं ऐकू येणं म्हणजे नातं नाही. ध्वनींचे नियम जुळावे लागतात, मधल्या पायऱ्या दाखवाव्या लागतात. अर्भकाच्या बाबतीत त्या दाखवता येतात म्हणून मी तो इथे घेतला. 'राबणे' सोडून दिला. तुमच्या व्हॉट्सॲपवर जे येतं ना, की अमुक इंग्रजी शब्द तमुक संस्कृत शब्दावरूनच आला, त्यातलं निम्मं असं कानाने जुळवलेलं असतं. दुसरं, शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा आजचा अर्थ नाही. जर्मन माणूस सकाळी डबा घेऊन आर्बाइटला निघतो तेव्हा त्याच्या मनात अनाथ मूल नसतं. आणि कामाचे सगळेच शब्द असे रडके नाहीत. इंग्रजी 'वर्क' आणि ग्रीक 'एर्गॉन' एका मुळाचे, अर्थ नुसता करणं, घडवणं, 'एनर्जी' त्यातलीच. आपलं 'काम' सरळ 'कर्म'वरून आलंय.

पण तरी, युरोपात नजर फिरवली तर वेठीचा वास असलेले शब्द बरेच निघतात. फ्रेंच 'त्राव्हाय', स्पॅनिश 'त्राबाहो', पोर्तुगीज 'त्राबाल्यु', सगळे काम. त्यांचं मूळ तीन खुंटांच्या एका छळयंत्राच्या लॅटिन नावात आहे असं फार दिवस सांगितलं जातं. काही अभ्यासक आता त्यावर शंका घेतात, पण कष्ट आणि यातना हा जुना अर्थ आहेच. इंग्रजी 'ट्रॅव्हल' त्यातून निघाला, आणि विरार लोकलवाल्यांना याचा पुरावा द्यायची गरज नाही. मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण ग्रीकमधलं. 'दुलीया'. जोर मधल्या 'ली'वर दिला तर गुलामगिरी. जोर शेवटी सरकवला, 'दुल्या', की अर्थ काम, नोकरी. अक्षरं तीच, फक्त आघात हलला. सोमवारी सकाळी कुठला उच्चार करायचा ते ज्याचं त्याने बघावं.

आणि आपल्या क्षेत्रात हे शब्द नुसते पुस्तकात नाहीत, कोडमध्ये होते. मी पहिल्या नोकरीत डेटाबेस शिकलो तो 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' असाच. लिहिणारा मास्टर, त्याची नक्कल ठेवणारा स्लेव्ह. पायथनने २०१८ मध्ये आपल्या कोडमधले हे शब्द काढायला घेतले, गिटहबने २०२० मध्ये नव्या रेपोची मुख्य शाखा 'मास्टर'ऐवजी 'मेन' केली. तेव्हा आमच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, की हे अमेरिकन लोकांचे चोचले आहेत, आपला काय संबंध. तो मेसेज अजून आहे तिथे. आणि 'स्लेव्ह'चं मूळ काय? 'स्लाव्ह'. मध्ययुगात स्लाव्ह लोकांना इतक्या संख्येने पकडून विकलं गेलं, की पश्चिम युरोपात त्यांच्या जमातीचं नावच गुलामाचं नाव झालं. म्हणजे त्यांनी स्वतःच्या भाषेतून जगाला वेठबिगार दिला, आणि जगाने त्यांच्या नावातून गुलाम काढला.

योसेफ चापेकचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तोंडात ब्रश धरून शब्द देणारा योसेफ.

कारेल १९३८ च्या नाताळच्या दिवशी न्यूमोनियाने गेला. हिटलरवर दोघे भाऊ उघड टीका करायचे, योसेफची व्यंगचित्रं तर फार झोंबणारी होती. १ सप्टेंबर १९३९, ज्या दिवशी युद्ध सुरू झालं त्याच दिवशी नाझींनी योसेफला अटक केली. डाखाऊ, मग बुखेनवाल्ड, मग साक्सेनहाउझेन, शेवटी बेर्गेन-बेल्झेन. छळछावण्या. जवळपास सहा वर्षं. १९४५ च्या एप्रिलमध्ये बेर्गेन-बेल्झेनमध्ये तो गेला. त्याच महिन्यात ती छावणी मुक्त झाली. कोणत्या दिवशी गेला याची नोंदही नाही.

डाखाऊच्या फाटकावर लोखंडी अक्षरांत एक वाक्य होतं. साक्सेनहाउझेनच्याही फाटकावर तेच. जर्मनमध्ये तीन शब्द, अर्थ असा, की कामाने मुक्ती मिळते. त्यातला पहिला शब्द आर्बाइट. रोबोटचा सख्खा चुलत भाऊ. ज्या माणसाने जगाला एक नाव दिलं, त्याला त्याच मुळाच्या दुसऱ्या शब्दाखालून आत नेलं. मला यावर काही बोलता येत नाही. रेकॉर्डिंगमध्येही इथे मी थोडा वेळ गप्प आहे, ती शांतता एडिट केलेली नाही.

आता छोटूचं काय झालं, ते विचाराल. मी टीममध्ये नाव बदलायचा विषय काढला. एक जण म्हणाला, भावा, तू फार पॉडकास्ट करतोस. दुसरीने विचारलं, मग काय ठेवायचं, आणि यावर वीस मिनिटं गेली. शेवटी नाव पडलं 'तक्रार-वर्गवारी'. कंटाळवाणं आहे, मान्य. तीन ठिकाणी स्क्रिप्ट फुटल्या, कारण जुनं नाव कुठे कुठे हार्डकोड केलं होतं देव जाणे. एक अजूनही सापडलेलं नाही. पहाटे साडेतीनला लॉगमध्ये छोटूच्या नावाने एक ओळ येते.

टपरीवरच्या मुलाचं नाव विचारलं. तो आधी घाबरला, त्याला वाटलं तक्रार करतोय. मग सांगितलं. ते मी इथे सांगणार नाही, त्याचं आहे ते. वय विचारलं तर म्हणाला अठरा, आणि मालकाकडे बघितलं. अठराचा नाही तो. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे हे मला माहीत आहे, तुम्हालाही असू द्या. मी तो लावलाय. दोन दिवस विचार करून लावला, म्हणजे ते दोन दिवस मी तिथेच चहा घेत होतो. पुढे काय होतं ते पुढच्या भागात सांगेन, तेव्हा काही सांगण्यासारखं असेल तर.

आजीला फोनवर सांगितलं, नाव बदललं म्हणून. म्हणाली, "बरं केलंस." मग म्हणाली, "आणि आता रात्री कोण करतं?"

"तोच करतो गं आजी."

"हं," म्हणाली.

चला, भेटू. आवाज मागच्या वेळेपेक्षा बरा आला का ते कळवा, नवीन माइक घेतलाय.